बिलावर फक्त ‘पितळी पट्टी’ एवढेच लिहिले होते

हिंगणा एमआयडीसीत माझे प्रेसकामाचे छोटे युनिट असून कार्ट्रिज फ्यूजच्या, म्हणजे नळीसारख्या विजेच्या फ्यूजच्या, दोन्ही टोकांना बसणाऱ्या पितळी टोप्या आम्ही तिथे बनवतो. जून 2023 मध्ये नागपुरातील इतवारीच्या एका व्यापाऱ्याकडून मी 240 किलो पितळी पट्टी घेतली आणि त्या एका व्यवहारात माझे पैसे, अख्खा पावसाळा आणि नऊ वर्षांचे एक गिऱ्हाईक असे सगळेच गेले. पत्र्याचे किंवा पट्टीचे काम करणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून काय घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्या कामाला सत्तर-तीसचे, म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले, पूर्ण नरम पितळ लागते. बंदुकीच्या काडतुसाचे कवचही याच पितळाचे असते. माझे काका वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले असून या धातूचा स्वभाव मला त्यांनीच शिकवला. पितळ थंड अवस्थेत ओढले, म्हणजे साच्यातून दाबून पेल्यासारखे खोल केले, की ते कडक होत जाते. म्हणून काडतुसाचे कवच एका दमात ओढत नाहीत, तर दोन ओढींच्या मध्ये ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करतात. तयार कवचाचा बुडाचा भाग मुद्दाम कडक ठेवतात आणि तोंडाकडचा भाग नरम करतात, कारण गोळी सुटताना तोंड फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसले पाहिजे आणि लगेच थोडे आकसून मोकळेही झाले पाहिजे. परदेशात नेमबाज वापरलेली कवचे डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापावर आणतात. प्रत्येक दाबणीत तोंडाकडचे पितळ आणखी कडक होते आणि ते वेळीच नरम केले नाही तर तिथे उभी चीर जाते. आमची टोपी हे त्या कवचाचेच बुटके भावंड आहे, हे काकांचे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. त्याचा खरा अर्थ मात्र याच व्यवहारात कळला.

व्यापाऱ्याने कॉइल, म्हणजे पट्टीचे गुंडाळलेले वेटोळे, दाखवली आणि सोबत चाचणी प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. बाहेरच्या टोकाचा तुकडा त्याने माझ्यासमोर कापून दिला आणि तो मी हिंगण्यातील प्रयोगशाळेत तपासून घेतला. तांबे 69.8 टक्के आले. ‘भाऊ, मालाची काळजी करू नका, हा माल आम्ही मोठ्या कारखान्यांना देतो,’ असे तो म्हणाला आणि मी जीएसटीसह 1,81,248 रुपये त्याच्या खात्यात भरले. प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक आणि कॉइलला बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा क्रमांक एकच आहे का, हे मी पाहिले नाही. दोन्ही क्रमांक माझ्या डोळ्यांसमोर होते आणि पाहायला अर्धा मिनिटही लागला नसता.

पहिले तीसेक किलो उत्तम चालले. त्यानंतर पट्टीत एक सांधा आला. तिथे डाग देऊन दोन पट्ट्या जोडल्या होत्या आणि सांध्याच्या पलीकडचा रंग किंचित जास्त पिवळा होता. गिरणीतून आलेल्या कॉइलमध्येही कधी कधी सांधा असतो, म्हणून ऑपरेटरने तो भाग कापून टाकला आणि काम पुढे चालू ठेवले. त्याच दिवशी पहिल्या ओढीतच दहातल्या दोन-तीन टोप्या बुडाच्या गोलाईवर फाटू लागल्या. ज्या टिकल्या त्या मापात बसेनात. आमची शेवटची सायझिंग डाय 20.00 मिलिमीटरची असून नरम पितळाची टोपी तिच्यातून बाहेर पडल्यावर थोडी उलट फुगून 20.03 वर थांबते, परंतु या टोप्या मायक्रोमीटरवर 20.11 भरत होत्या. कडक पितळ दाब सुटताच जास्त उलटते, हे मला ठाऊक होते. तिथेच काम थांबवून माल तपासायला हवा होता. परंतु मालाची तारीख तोंडावर आली होती, म्हणून मी डाय 19.92 ची करून घेतली आणि टोप्या जबरदस्तीने मापात आणल्या. व्यापाऱ्याच्या लबाडीवर ही माझी चूक चढली आणि पुढचे नुकसान वाढले.

सप्टेंबरमध्ये गिऱ्हाइकाचा फोन आला. मी शेडच्या मागच्या खोलीतली पोती उघडली, तेव्हा वरवर चकचकीत दिसणाऱ्या टोप्यांवर काठापासून खाली केसाएवढ्या बारीक, सरळ चिरा गेल्या होत्या. एक टोपी बोटांत धरून हलकेच दाबली, तर तुरीची शेंग उकलावी तशी ती उकलली. कोणीही तिला हात लावला नव्हता, तिच्यावर भार नव्हता, ती पोत्यात नुसती पडून होती.

काका आले. टोपी पाहण्याआधी त्यांनी भिंतीपलीकडे काय आहे ते विचारले. पलीकडे गुरांचा गोठा आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे अशीच आपोआप चिरत असत. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकून राहिलेला ताण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चीर पडते, हे 1921 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सिद्ध केले. जस्ताचे प्रमाण जितके जास्त तितका हा धोका वाढतो. गोठा आमच्या शेडमागे पहिल्यापासूनच होता, तरी एवढ्या वर्षांत टोप्या कधी चिरल्या नव्हत्या.

मग कॉइलच्या आतल्या वेटोळ्यातले तीन तुकडे तपासले. तांबे 62.9 टक्के, शिसे 0.6 टक्के आणि कडकपणा 118 व्हिकर्स आला. पूर्ण नरम पट्टीचा कडकपणा साधारणपणे 80 च्या आत असतो आणि ओढकामाच्या पितळात शिसे जवळजवळ नसावे लागते, कारण ते धातूच्या कणांमध्ये साचून ओढताना पत्रा फाडते. एवढे शिसे लेथवरच्या पितळी चुऱ्यातूनच आले असणार, असे काकांचे स्पष्ट मत पडले. म्हणजे भंगार वितळवून केलेली पट्टी आत होती आणि तिच्यावर चांगल्या मालाचे तीस किलो गुंडाळलेले होते.

मी अहवाल घेऊन इतवारीत गेलो. व्यापारी चिडला नाही, आवाजही चढवला नाही. त्याने बिलाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. त्यावर एचएसएन 7409 हा जीएसटीसाठीचा मालाचा संकेतांक, ‘पितळी पट्टी’, 240 किलो, एवढेच होते. ‘पितळी पट्टी मागितली, पितळी पट्टी दिली,’ तो म्हणाला. सत्तर-तीस, नरम, लॉट क्रमांक यांतले काहीही बिलावर नव्हते आणि माझी मागणी फोनवर सांगितलेली होती. नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याप्रमाणेच असला पाहिजे, असे 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 17 सांगते. परंतु नमुना त्याच कॉइलचा होता हे सिद्ध करायला माझ्याजवळ सही केलेला, सीलबंद तुकडा नव्हता. वकिलांची नोटीस गेल्यावर त्याने 40,000 रुपये परत केले आणि विषय तिथेच थांबला.

न चिरलेल्या 1,900 टोप्या काकांच्या सांगण्यावरून 275 अंशांवर तासभर भट्टीत ठेवून त्यांतला ताण काढला, आणि त्या अजून शाबूत आहेत. उरलेली पट्टी भंडाऱ्याच्या भांडे कारखानदाराला भंगाराच्या भावाने दिली. आता मागणी लेखी जाते आणि तिच्यात आय.एस. 410 या पितळी पत्रा-पट्टीच्या भारतीय मानकाप्रमाणे मिश्रण, नरमपणा आणि कॉइलचा क्रमांक असतो. तेच शब्द बिलावर आल्याशिवाय पैसे जात नाहीत. कॉइल आमच्या शेडमध्ये सोडून बाहेरचे टोक, मध्य आणि आतले टोक अशा तीन ठिकाणचे तुकडे घेतो, व्यापाऱ्याच्या माणसाची सही घेऊन ते सीलबंद करतो आणि अहवाल येईपर्यंत प्रेस चालवत नाही. यात चार दिवस जातात.

गेल्या महिन्यात एमआयडीसीतल्याच एका तरुण उद्योजकाने नवी कॉइल घेण्याआधी प्रमाणपत्र मला वाचायला दिले. लॉट क्रमांक पाहून मी माझी 2023 ची फाइल काढली. क्रमांक तोच होता, तारीख तीच होती आणि झेरॉक्सच्या उजव्या कोपऱ्यातला शाईचा डागही तोच होता.