'फुल कार्बन' सांगून फायबरग्लासची चॅसी गळ्यात मारली

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) टूरिंग कारसाठी ऑनलाइन सुटी कार्बन फायबरची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घेणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

माझ्याकडे 1/10 स्केलची तामिया टीटी-02 आहे. तिची चॅसी म्हणजे प्लास्टिकचा टब, मधून शाफ्ट आणि चारही चाकांना ड्राइव्ह. शिकायला उत्तम गाडी. पण जोरकस ब्रशलेस मोटर बसवली की वळणावर टब पिळतोय हे जाणवतं. म्हणून एका विक्रेत्याकडून तिच्यासाठी 'फुल कार्बन' चॅसीचा दोन प्लेटचा संच मागवला. खालची प्लेट 2.25 मिलिमीटर, वरची 2. साडेसात हजार रुपये, यूपीआयने आगाऊ. फोटोत कार्बनची वीण झकास दिसत होती, पण सगळे फोटो वरून काढलेले. कड एकातही नाही.

खालची प्लेट काचेवर ठेवली तर एक कोपरा डुगडुगत होता. गाडी जोडली, तर उजव्या वळणावर पुढून सरकायची आणि डाव्या वळणावर मागून फेकली जायची. स्प्रिंग बदलल्या, डॅम्परमधलं (स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या नळीतलं) तेल बदललं, फरक शून्य. पडणार कसा? चॅसी ताठ आहे असं धरूनच सस्पेन्शन लावतात. चॅसीच पिळायला लागली की ती पाचवी स्प्रिंग होते, आणि तिला डॅम्पर नसतो.

शेवटी ओल्या पॉलिश पेपरने कड घासली. दोन-चार हात मारताच काळा रंग निघून आला आणि खालून पिवळट-हिरवं फायबरग्लास दिसलं. वरची वीण म्हणजे नुसती छापील फिल्म! अस्सल कार्बनची कड कितीही घासा, काळीच राहते.

मल्टिमीटरनेही खात्री होते, कारण कार्बनमधून वीज वाहते. मीटर ओहमवर ठेवा. प्रोब वरून टेकवू नका, तिथे रेझिनचा (तंतू चिकटवणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या द्रव्याचा) थर असल्याने खरी प्लेटही काही दाखवत नाही. घासलेल्या कडेला दोन्ही प्रोब दाबून धरा. माझ्या प्लेटवर कुठेच रीडिंग आलं नाही. घासताना मास्क लावा आणि पेपर ओलाच ठेवा. कार्बन असो वा काच, ती धूळ छातीत जाता कामा नये.

वजनही बोलतं. कार्बन प्लेटची घनता घनसेंटीमीटरला साधारण 1.6 ग्रॅम, फायबरग्लासची 1.8 ते 1.9. म्हणजे त्याच मापाची प्लेट सहज दहा-पंधरा टक्के जड भरते.

फायबरग्लास वाईट नाही. स्वस्त किटमध्ये ती उघडपणे देतात, आणि कमी ग्रिपच्या ट्रॅकवर तिची लवचीकता कामालाही येते. माझा राग आहे तो कड रंगवून कार्बनचे पैसे घेण्यावर.

विक्रेत्याला घासलेल्या कडेचा फोटो पाठवला, तर त्याने नंबरच ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. तेच फोटो लावून त्याची विक्री चालूच आहे. तेव्हा कोणाकडूनही घ्या, आधी कडेचा आणि स्क्रूच्या भोकांचा जवळून काढलेला फोटो आणि काट्यावरचं वजन मागा. टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.