पंखाचं टोक दुमडायचं कुठे: जमिनीवर की हवेत?

बोइंग ७७७एक्स या प्रवासी विमानाचा पंखविस्तार उड्डाणात ७१.७५ मीटर. आधीची ७७७ विमानतळावर जिथे उभी राहते, त्या गेटची मर्यादा ६५ मीटरच्या आत. म्हणून प्रत्येक बाजूचं साधारण साडेतीन मीटरचं टोक उतरल्यावर वर वळतं आणि विस्तार ६४.८५ मीटर होतो. हवेत मात्र ते पिनांनी पक्कं बंद. लांब पंखामुळे प्रेरित रोध, म्हणजे उचल निर्माण करताना होणारा हवेचा अडथळा, कमी होतो. बिजागरी आणि कुलपाचं वजन ही त्याची किंमत. खरी भीती टोकं दुमडलेली असताना उड्डाण घेण्याची. म्हणूनच अमेरिकी नियामकाने २०१८मध्ये वैमानिकाला ठळक इशारे देण्याची विशेष अट घातली.

नासाचा प्रयोग उलटा: टोक उडता उडता वळवायचं. २०१८च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत ‘पटेरा’ या मानवरहित विमानाची टोकं ७० अंशांपर्यंत वळवली. उभं टोक दिशास्थैर्य देतं, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे भरकटू देत नाही, त्यामुळे शेपटीचं सुकाणू लहान करता येईल. ही कल्पना जुनीच. १९६४मध्ये प्रथम उडालेल्या एक्सबी-७० वाल्किरी या अमेरिकी प्रायोगिक बॉम्बरची टोकं हवेत खाली वळत, पण जड मोटरींच्या जोरावर. नासाने त्याऐवजी आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूची नळी घेतली: तापवली की पिळते. अडचण थंड होण्यात आहे. तापवणं आपल्या हातात, निवणं हवेच्या. म्हणून परतीची हालचाल संथ. शिवाय वारंवार वापराने मिश्रधातूचा प्रतिसाद सरकत जातो.

प्रवासी विमानासाठी आज पहिलाच पर्याय व्यवहार्य. दुसरा मला स्वनातीत (आवाजाहून वेगवान) विमानांत अधिक शोभेल असं वाटतं.