बारावी जीवशास्त्राचा उत्तरलेखन वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी दर रविवारी बारावीच्या जीवशास्त्राचा उत्तरलेखन वर्ग चालतो. माझ्या मुलीने तो दिवाळीनंतर दोन महिने केला. शुल्क 1500 रुपये होते, एस.टी.चे भाडे वेगळे. तिचा अभ्यास पक्का होता, तरी चाचणीत गुण पडत नव्हते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला इंग्रजीत लिहावे लागते, हेच त्याचे कारण असावे, अशी आमची समजूत होती.

पहिल्याच रविवारी ती समजूत दूर झाली. बीटी जिवाणूने तयार केलेले विष बोंडअळीला मारते, मग खुद्द त्या जिवाणूला का मारत नाही, असा तीन गुणांचा प्रश्न होता. आमच्या वावरात पऱ्हाटी (कपाशी) असल्याने तिने बोंडअळीच्या नुकसानीवर अर्धे पान लिहिले आणि तिला एकही गुण मिळाला नाही, कारण विचारलेल्या ‘का’चे उत्तर त्यात नव्हते. सरांनी तिच्याकडूनच फळ्यावर क्रम लिहून घेतला : जिवाणूत ते प्रथिन निष्क्रिय असते, अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी माध्यमात त्याचे स्फटिक विरघळतात व ते सक्रिय होते, मग ते आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते, पेशी फुगून फुटतात आणि अळी मरते. सिकलसेल आजार विदर्भातील मुलांना ऐकून ठाऊक असतो, परंतु त्याचे उत्तरही रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, येथूनच सुरू करण्याचा सरांचा आग्रह असे. माझ्या मते या वर्गाचे खरे मोल मूळ कारणापासून क्रमाने उत्तर लिहिण्याच्या या सवयीत आहे.

70 गुणांच्या लेखी परीक्षेत दोन, तीन व चार गुणांच्या प्रश्नांना पर्याय असतात. त्यांतील कोणते प्रश्न वगळावेत, याचा सरावही चांगला झाला.

आकृत्यांकडे मात्र फार दुर्लक्ष झाले. फुलाच्या बीजांडातील भ्रूणकोशाची, भागांना नावे दिलेली आकृती एकदाही तपासली गेली नाही. उत्तरपत्रिका दोन-दोन आठवड्यांनी परत मिळत, तोवर आपण काय विचार करून लिहिले होते, हेच मुले विसरून जात. ज्यांचा पाठ्यपुस्तकाचा अभ्यास अजून व्हायचा आहे, त्यांनी येथे घाई करू नये. येथे विषय शिकवला जात नाही, लिहिलेले उत्तर सुधारले जाते.