बंद घराचा अलार्म: यंत्र चांगले, बसवणी दुसऱ्या खेपेला चांगली

गुहागर तालुक्यातील आमचे कौलारू घर गणपती, शिमगा आणि मे महिन्याचे काही दिवस सोडले तर कुलूपबंदच असते. त्यामुळे मागच्या वर्षी जवळच्या शहरातील एका दुकानाकडून चोर-अलार्म बसवून घेतला. त्यात पॅनेल म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात ती मुख्य पेटी, हूटर म्हणजे भोंगा, हालचाल टिपणारे, वायरने जोडलेले चार मोशन डिटेक्टर, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी आणि फोन लावणारे सिमकार्ड एवढे साहित्य होते. मजुरी धरून बिल 21,500 रुपये झाले. दुकानाने पाठवलेल्या मुलाने सगळे काम अडीच तासांत उरकले आणि त्याच्या झपाट्याचे मी तेव्हा कौतुकही केले.

पहिल्या पंधरवड्यात अलार्म तीन वेळा वाजला, दोनदा सकाळी आणि एकदा रात्री अडीचला. शेजारचे काका प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारून आले आणि तिसऱ्या वेळी फोनवर म्हणाले, "अरे, चोर परवडला, तुझा भोंगा आवर."

चूक यंत्रात नव्हती, जागेत होती. हा डिटेक्टर स्वतः काही सोडत नाही, तो समोरच्या उष्णतेतील बदल पाहतो. पुढच्या पांढऱ्या भिंगामुळे खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात आणि आतल्या सेन्सरचे दोन भाग असतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की त्याच्या अंगाची उष्णता या दोन भागांवर एकामागून एक पडते आणि त्या फरकावरून संकेत जातो. म्हणूनच समोरून आडवा जाणारा माणूस लगेच पकडला जातो आणि सरळ यंत्राकडे चालत येणारा उशिरा. आमच्या माजघरातील डिटेक्टर मात्र पूर्वेच्या खिडकीसमोर ठोकलेला होता. सकाळचे ऊन पडद्यावर आणि जमिनीवर पडायचे, कौलांच्या फटींतून आलेल्या वाऱ्याने पडदा हलायचा आणि पॅनेलला वाटायचे की कोणीतरी फिरते आहे. रात्रीचा गुन्हेगार बहुधा ओटीवरची पाल असावी, कारण तिथला डिटेक्टर तुळईला खेटून होता आणि भिंगाजवळून सरपटणारी पाल त्याला चांगलीच मोठी दिसते.

तक्रारीनंतर अकराव्या दिवशी दुकानाने दुसरा, वयाने मोठा तंत्रज्ञ पाठवला आणि खरे परीक्षण या माणसाच्या कामाचे आहे. त्याने आधी पॅनेल उघडले आणि लाइनच्या शेवटी, म्हणजे डिटेक्टरच्या आत असायला हवे ते रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा देणारा छोटा भाग, ज्यावरून पॅनेल वायर शाबूत आहे का ते ओळखते) पॅनेलमध्येच जोडलेले दाखवले. असे केले की वाटेत कोणी वायर शॉर्ट केली तरी पॅनेलला सगळे आलबेल वाटत राहते. शिवाय डिटेक्टरचे झाकण उघडल्याचे कळवणाऱ्या टॅम्पर स्विचच्या वायरी कोठेच जोडलेल्या नव्हत्या. मी दिवसभर घरात होतो आणि यातले काहीही मला दिसले नव्हते, हे कबूल करतो.

त्याने दोन्ही डिटेक्टर दाराच्या वाटेला आडवे पडतील अशा कोपऱ्यांत, जमिनीपासून सुमारे सव्वादोन मीटर उंचीवर हलवले. वायरीच्या भोकात सिलिकॉन भरले, कारण आमच्याकडे मुंग्या असल्या डबीत हमखास घर करतात. मग हूटर बंद ठेवून त्याने चालून पाहण्याची चाचणी घेतली: तो सावकाश चालायचा, लाल दिवा लुकलुकला की जमिनीवर खडूने खूण करायचा. मलाही त्याने खिडकीखालून रांगायला लावले. फडताळामागे एक आंधळी जागा सापडली तेव्हा त्याने फडताळाला हात न लावता डिटेक्टरच हातभर सरकवला.

एक मर्यादा मे महिन्यात कळली. दुपारी पडवीच्या पत्र्याखाली भिंतीच अंगाइतक्या तापतात, माणूस आणि मागची भिंत यांतला फरक उरत नाही, त्यामुळे तिथला डिटेक्टर मला चार पावलांवर येईपर्यंत ओळखत नव्हता. याच तंत्रज्ञाच्या सल्ल्याने तिथे तापमानानुसार स्वतःची संवेदनक्षमता वाढवणारा, उष्णता आणि मायक्रोवेव्ह लहरी दोन्हींनी हालचाल ओळखणारा डिटेक्टर घेतला. 2,300 रुपये जास्त गेले. दोन्ही संकेत एकाच वेळी मिळाल्याशिवाय तो अलार्म देत नाही, त्यामुळे नुसत्या तापलेल्या पत्र्याने फसत नाही.

पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज नव्हती, तेव्हा बॅटरीने साथ दिली. दुकानाची वागणूक मात्र खटकली: स्वतःच्या चुकीच्या दुरुस्तीसाठी त्यांनी 600 रुपये प्रवासखर्च लावला आणि चार फोन केल्यावरच तो परत दिला. यंत्राला मी पाचपैकी चार, दुसऱ्या तंत्रज्ञाला पाच आणि दुकानाला दोन तारे देतो. दिवाळीनंतर अलार्म एकदाच वाजला. फुटलेल्या कौलातून मांजर आत उतरले होते, आणि काकांनी ते कौल त्याच दिवशी बदलून टाकले.