लेड्रा पॅलेससमोरचे कॉफीघर : निकोसियातील ‘होम फॉर कोऑपरेशन’

सायप्रसची राजधानी निकोसियाला येणारे बहुतेक पर्यटक लेड्रा रस्त्यावरचे नाके ओलांडून शहराच्या उत्तर भागात जातात, बाजारात फेरफटका मारतात आणि संध्याकाळपूर्वी परततात. मी नोकरीनिमित्त लिमासोलला राहतो आणि भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना आधी जुन्या तटबंदीच्या पश्चिमेकडील लेड्रा पॅलेसच्या नाक्यावर नेतो. तेथे दोन बाजूंच्या पोलीस चौक्यांमधील रस्त्यावर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या देखरेखीखालील बफर झोनमध्ये (दोन सैन्यांना दूर ठेवणाऱ्या मधल्या पट्ट्यात), ‘होम फॉर कोऑपरेशन’ ही वास्तू आहे आणि तिच्यात एक कॉफीघर चालते. हे परीक्षण त्या कॉफीघराचे असले तरी ते जेथे उभे आहे त्या पट्ट्याविषयी आधी लिहिणे भाग आहे, कारण ती हकिकत ठाऊक नसेल तर येथील कॉफी इतर कोठल्याही कॉफीसारखीच लागेल.

सायप्रस १९६० साली स्वतंत्र झाले आणि तीनच वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट समाजांत रक्तपात सुरू झाला. त्या वेळी एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धबंदीची रेघ ओढली आणि तीच ‘ग्रीन लाइन’ या नावाने रूढ झाली. सुरक्षा परिषदेने ४ मार्च १९६४ रोजी १८६ क्रमांकाचा ठराव करून शांतिसेना पाठवली ती तीन महिन्यांसाठी, आणि ती आजही तेथे आहे. जुलै १९७४ मध्ये आधी अथेन्समधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सत्तापालट झाला, पाच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले आणि ऑगस्टच्या मध्यावर युद्ध थांबले तेव्हा बेटाची आडवी फाळणी झालेली होती. १९८३ मध्ये उत्तरेकडील तुर्की सायप्रियटांनी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. त्याला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही. सुमारे १८० किलोमीटर लांबीचा हा पट्टा काही ठिकाणी सात किलोमीटरहून अधिक रुंद आहे, तर जुन्या निकोसियात एका गल्लीएवढा अरुंद होतो. ग्रीक भाषेत त्याला ‘नेक्री झोनी’, म्हणजे मृत पट्टा, म्हणतात आणि तुर्की भाषेत ‘आरा बोल्गे’, म्हणजे मधला प्रदेश. एकाच जमिनीच्या या दोन नावांत दोन समाजांच्या आठवणी किती निराळ्या आहेत ते दिसते, आणि हे कॉफीघर मला त्यातल्या दुसऱ्या नावाला जागणारे वाटते.

ही इमारत १९५० च्या दशकातली. लढाईनंतर ती बफर झोनमध्ये अडकून ओस पडली. दोन्ही समाजांतील शिक्षक आणि अभ्यासकांनी २००३ मध्ये इतिहासविषयक संवाद आणि संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. तिने युरोपीय देशांच्या अर्थसाहाय्याने या इमारतीची दुरुस्ती केली आणि मे २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. या कामाला २०१४ साली ‘युरोपा नोस्ट्रा’ हा वारसा-जतनाचा पुरस्कारही मिळाला. रस्त्याच्या पलीकडे लेड्रा पॅलेस हे एके काळचे आलिशान हॉटेल आहे, ज्याच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. युद्धानंतर कैद्यांची देवाणघेवाण तेथेच झाली, शांतिसेनेचे सैनिक तेथे कित्येक दशके राहिले आणि दोन्ही बाजूंच्या राजकीय पक्षांच्या नेत्यांना १९८९ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या, आणि पुढे स्लोव्हाकियाच्या, दूतावासाने तेथे नियमाने एकत्र बसवले. कॉफीघराबाहेरच्या खुर्चीत बसले की हा सगळा काळ समोर असतो.

आता कॉफीविषयी. लहान पितळी भांड्यात बारीक दळलेली पूड, पाणी आणि साखर एकत्र उकळून केलेली ही कॉफी दक्षिणेत ‘सायप्रस कॉफी’ आणि उत्तरेत ‘तुर्की कॉफी’ म्हणून मागवली जाते. साखर आधीच पडत असल्याने तिचे प्रमाण मागतानाच सांगावे लागते : मध्यम गोड हवी असेल तर ग्रीक बोलणारा ‘मेत्रियो’ म्हणतो आणि तुर्की बोलणारा ‘ओर्ता’. येथे दोन्ही शब्द चालतात. मी ज्या ज्या वेळी गेलो त्या त्या वेळी कॉफी वर फेसाचा दाट थर घेऊन आली आणि सोबत पाण्याचा पेला आला. तळाशी गाळ बसेपर्यंत थांबावे, घाई करू नये. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या सवयीने शेवटचा घोट घेतला तर तोंड पुडीने भरते.

खाण्यात हलूमी अवश्य घ्यावे. बकरी आणि मेंढीच्या दुधाचे हे चीज तव्यावर परतले तरी वितळत नाही, कडेने खरपूस होते आणि चावताना किंचित करकरते. पनीरशी त्याची तुलना होते, पण ते अधिक खारट असते आणि त्यात पुदिन्याचा वास असतो. तुर्की बोलणारे त्याला ‘हेल्लिम’ म्हणतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये या चीजला संरक्षित नाव म्हणून नोंदवले तेव्हा हलूमी आणि हेल्लिम ही दोन्ही नावे एकत्र नोंदली गेली. राजकीय तोडग्याच्या बाबतीत जे जमले नाही ते एका चीजच्या बाबतीत जमले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

वरच्या खोल्यांत भाषावर्ग, चर्चा, प्रदर्शने आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात. दोन्ही बाजूंच्या शाळकरी मुलांना एकत्र आणणारा ‘इमॅजिन’ हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला आणि हजारो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. मला या वास्तूचे सर्वांत मोलाचे काम हेच वाटते. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात संयुक्त राष्ट्रांच्या एकीकरण योजनेला तुर्की सायप्रियट मतदारांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला आणि ग्रीक सायप्रियट मतदारांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नकार दिला. २०१७ साली स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथील वाटाघाटीही फिसकटल्या. शांतिसेना दोन सैन्यांना एकमेकांपासून दूर ठेवते आणि मुत्सद्दी मसुदे लिहितात, परंतु मसुद्यावर मत देणारा माणूस समोरच्या समाजातील एकाही व्यक्तीला ओळखत नसेल तर तो होकार कशाच्या आधारावर देणार? नाकी प्रथम उघडली ती २३ एप्रिल २००३ रोजी, याच रस्त्यावर. म्हणजे सार्वमतापूर्वी लोकांना एकमेकांच्या घरी जाता येऊन जेमतेम एक वर्ष झाले होते.

माझ्या पहिल्या भेटीत मी एका खासगी मार्गदर्शकाबरोबर पैसे भरून शहर फिरलो होतो. त्याचे नाव देत नाही. दोन तासांत त्याने १९७४ विषयी पुष्कळ सांगितले आणि १९६३ चा उल्लेखही केला नाही. उत्तरेत गेलो असतो तर बहुधा याच्या उलट अनुभव आला असता. या संघर्षात बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २,००२ जणांची आहे आणि तिच्यात १,५१० ग्रीक सायप्रियट व ४९२ तुर्की सायप्रियट आहेत. दोन्ही समाजांतील शास्त्रज्ञ एकत्र काम करून त्यांचे अवशेष शोधतात आणि आजवर हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आहे. ही माहिती त्या फेरीत मिळायला हवी होती.

भारतीय वाचकाला येथे आणखी एक धागा सापडेल. या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी होते. त्यांच्यानंतर आपले माजी सेनाप्रमुख जनरल थिमय्या आले आणि डिसेंबर १९६५ मध्ये पदावर असतानाच त्यांचे सायप्रसमध्ये निधन झाले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९७४ च्या लढाईत निकोसियाचा विमानतळ कोणाच्याच हाती पडू नये म्हणून तो संयुक्त राष्ट्रांचे संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करणारे सेनापती दिवाण प्रेमचंद हेही भारतीयच. तो विमानतळ अजून बंद आहे आणि दोन्ही नेत्यांच्या बैठका त्याच क्षेत्रात होतात. या सेनेत सेवा करताना १८० हून अधिक जण मरण पावले. पाहुण्यांना मी हे कॉफी येईपर्यंत सांगतो, आणि बहुतेकांना यातले काहीच ठाऊक नसते याचे वाईट वाटते.

अशा जागेकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. बफर झोनमध्ये मुद्दाम येऊन बसणारा माणूस संवादाला आधीच तयार असतो आणि जो तयार नाही तो येथपर्यंत येतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पिला या मिश्र वस्तीच्या गावाजवळ एका रस्त्याच्या बांधकामावरून शांतिसैनिकांना मारहाण झाली. तो प्रश्न कॉफीच्या टेबलावर सुटणारा नव्हता. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेत संघराज्याच्या तोडग्याला अनुकूल असलेले तुफान एऱ्ह्युर्मान तुर्की सायप्रियटांच्या नेतेपदी मोठ्या मताधिक्याने निवडून आले, आणि वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या तर असे टेबल आधीपासून मांडलेले असणे उपयोगी पडेल, असे मला वाटते.

जाताना पासपोर्ट जवळ ठेवावा. या नाक्यावरून पायी जावे लागते आणि तटबंदीच्या पाफोस दरवाजापासून चालत फार वेळ लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन असह्य असते, म्हणून सकाळी निघावे. पट्ट्यातील लष्करी चौक्यांचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे, तशा पाट्याही लावलेल्या आहेत. दोन तास हाताशी ठेवावेत, बाहेरची जागा मिळाली तर ती घ्यावी, आणि कॉफी मागवताना ‘मेत्रियो’ किंवा ‘ओर्ता’ यांपैकी जो शब्द आपल्याला येत नसेल तो शेजारच्या टेबलावर विचारून घ्यावा.