विवाहपूर्व करार: तयार नमुना की दोघांचे दोन वकील?

विवाहपूर्व करार म्हणजे मालमत्ता आणि कर्ज कुणाचं, हे लग्नाआधीच लिहून ठरवणं. त्याचा तयार नमुना भरून सही केली की काम स्वस्तात उरकतं. पण असा करार कोर्टात कोसळतो तो बहुधा भाषेमुळे नाही, सही कशी झाली त्यामुळे: कर्ज लपवलं, लग्न तोंडावर आल्यावर दबाव टाकला, दुसऱ्या बाजूला सल्लाच मिळाला नाही. कॅलिफोर्नियात तर अंतिम मसुदा हाती पडल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावेच लागतात.

दोन वकील म्हणजे फी दुप्पट. धंदा असेल तर मूल्यांकनाचा खर्च वेगळा. खात्यांची, कर्जांची यादी आधीच जुळवून नेली तर बिल बरंच उतरतं. दोघांत मिळून एकच वकील, ही काटकसर मला सर्वांत धोक्याची वाटते. मुलांच्या ताब्याचं कलम मात्र नमुना असो वा वकिलांनी केलेला करार, सहसा टिकत नाही. ते न्यायालयच ठरवतं.