गिनी कोंबडी की गावरान? नाशिकच्या मळ्यात किडे वेचायला कोणती पाखरं ठेवावीत

मार्च लागला की ओळखीतले दोघे-तिघे तरी विचारतात, "गिनी पाळायच्यात, पिल्लं कुठं मिळतील?" मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. ठिपक्याठिपक्यांची पाखरं बांधावरून चाललीत, टोळ टिपतायत आणि खाली लिहिलंय की फवारणीचा खर्च वाचला. मी आधी एकच विचारते, घरी अंडी उबवायला खुडूक बसणारी गावरान कोंबडी आहे का? नसेल तर गिनी या वर्षी नको. आधी गावरान आणा.

आमचा मळा दिंडोरी तालुक्यात. दोन एकर द्राक्ष, दीड एकर टोमॅटो आणि भाजीपाला, तीन गायींचा गोठा. गावरान कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत, गिनी सहा वर्षांपासून. दोन्ही पाखरं एकाच अंगणात वावरतात, त्यामुळे कोण काय करतं आणि काय करत नाही हे रोज डोळ्यांसमोर असतं.

किडे कोण खातं, कोणते खातं

दोन्ही पाखरं डोळ्याला दिसेल आणि चोचीत मावेल तेच खातात. टोळ, नाकतोडे, वाळवी, मुंग्या, भुंगेरे, उघड्यावरच्या अळ्या, गोचीड हे त्यांचं खाद्य. फुलकिडे, तुडतुडे, लाल कोळी, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी पाखरांच्या भरवशावर राहू नका. कांद्यावरचा फुलकिडा पातीच्या बेचक्यात बसतो, तो गिनीच्या नजरेलाच पडत नाही. टोमॅटोत फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की तीही सुटली. भुरी आणि डावणी हे तर बुरशीचे रोग, तिथं पाखरू काय करणार? द्राक्षवाल्यानं हे आधी मनाशी पक्कं करावं, कारण आपल्या फवारणीचा मोठा भाग बुरशीनाशकांचाच असतो.

आता फरक. गिनी चालता चालता वेचते, गावरान उकरून खाते. सगळी निवड या एका गोष्टीवर येते.

सकाळी आठच्या सुमाराला गिनीचा थवा गवतात शिरताना पाहावा. पंधरा-वीस पाखरं जरा अंतर ठेवून, पण एकमेकांना धरून सरकतात. मान पुढं काढून पानाच्या खालून वर बघतात, एक टोळ उडाला की दोघी-तिघी धावतात, आणि थवा पुन्हा तसाच पुढं. मातीला नखं फारशी लागत नाहीत. तासाभरात बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतात. म्हणून भाजीच्या सरीत, मल्चिंग पेपरवर, ठिबकच्या नळ्यांजवळ त्यांचा त्रास कमी.

गावरान कोंबडी घरापासून फार लांब जात नाही. जिथं असते तिथं मात्र जमीन पालथी घालते. उकिरड्यातल्या माशीच्या अळ्या, शेणाखालचे किडे, मातीतले कोष आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, तिलाच सापडतात. ट्रॅक्टरमागं साळुंक्या-बगळ्यांच्या जोडीनं आमच्या कोंबड्याही चालतात आणि पांढऱ्या जाड हुमण्या गटागटा गिळतात. गिनीला वर आलेलं मिळेल तेवढंच. पण हीच कोंबडी नव्या रोपांच्या वाफ्यात शिरली तर अर्ध्या तासात वाफा उधळते. आच्छादन पसरलेलं असेल तर संध्याकाळी ते सरीत सापडतं. रोपं हातभर होईपर्यंत तिला भाजीत सोडूच नये.

गोठ्यासाठी मी दोघींना सारखं मानायचे. आता मत बदललंय. जमिनीवरची, भिंतीच्या फटीतली गोचीड दोघी टिपतात, पण माशांचा उगम शेणात असतो आणि शेण उकरते ती गावरान. गोठा हेच मुख्य कारण असेल तर गिनीची गरज नाही.

हुमणीबद्दल एक गोष्ट सांगते. पहिला वळवाचा किंवा मृगाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. त्या वेळी दोन्ही पाखरं झोपायला गेलेली असतात, म्हणजे ऐन मोक्याला कामाची नाहीत. आम्ही कडुनिंबाखाली प्रकाश सापळा लावतो. त्याखालच्या पाण्यात एरवी रॉकेल टाकतात, आम्ही टाकत नाही. सकाळी पाणी गाळून भुंगेरे अंगणात ओतायचे. पाच मिनिटांत जमीन स्वच्छ! पाखरांचं पोटही भरतं आणि अंडी घालणारा भुंगेराही संपतो.

भातखाचरवाल्यांसाठी, म्हणजे इगतपुरी-त्र्यंबककडच्या मंडळींसाठी एवढंच सांगते की गोगलगायींचा त्रास असेल तर बदकं बघा. त्या ओल्या रानात गिनी आणू नका.

फवारणी आणि पाखरं

द्राक्षबागेत वर्षभर पाखरं सोडून चालत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारण्या एकामागून एक असतात. त्या बागेत फिरणारी पाखरं विषारी किडे खाणार, आणि त्यांची अंडी आपली मुलं खाणार. शिवाय मणी गोड झाले की गिनी ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, उडून बसते आणि घड फोडते. माझ्या मते बागेत पाखरं सोडायचा खरा काळ काढणी उरकल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंतचा. बाकी वेळ बांध, गोठा, चाऱ्याचं रान आणि फवारा न मारलेला भाजीपाला.

दाणेदार कीटकनाशकाची भीती सगळ्यात मोठी. पाखरं ते दाणे खडे समजून टिपतात. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं सांडलेलं असेल तरी तेच. दुसऱ्या वर्षी माझ्या चार गिनी एका दुपारी अशाच गेल्या. दाणे कुणा परक्याच्या शेतात नव्हते, आमच्याच वांग्याच्या वाफ्यात टाकलेले होते आणि मी घरात सांगायला विसरले होते. गावरान कोंबड्या घराजवळ होत्या म्हणून वाचल्या. गिनी लांब फिरते, तेव्हा आपलंच नाही तर आजूबाजूचं रानही तिचंच. शेजारी काय आणि कधी टाकतात हे विचारायची सवय नसेल तर गिनी ठेवू नये.

आवाज, चोर आणि शेजारी

गिनी ओरडते, आणि खूप ओरडते. मादीचा आवाज दोन तुकड्यांचा, दुसरा सूर वर चढणारा. नर एकाच सुरात कटकट करतो. नर-मादी ओळखायची हीच खात्रीची खूण, कारण रंगरूप जवळजवळ सारखं असतं. अनोळखी माणूस, कुत्रा, घार, साप, काहीही दिसलं की सगळा थवा एकदम सुरू. गोठ्यामागं नाग निघाला तेव्हा गिनींनी लांबून घेर धरून कालवा केला म्हणून आम्हाला कळलं, नाहीतर मी त्याच वाटेनं वैरण आणायला निघाले होते.

मळ्यातल्या वस्तीवर हा गुण आहे, गावठाणात नाही. आमचे शेजारी आप्पा दोन शेतं सोडून राहतात, तरी एकदा म्हणाले, "ताई, पाखरं गुणाची आहेत हो, पण नात दुपारची झोपत नाही." त्यानंतर मी खुराडं मळ्याच्या दुसऱ्या अंगाला नेलं. भिंतीला भिंत लागून घर असेल तर गावरानच ठेवा.

राखणीच्या बाबतीत दोघींची तऱ्हा वेगळी. मुंगूस आणि घार गावरानची पिल्लं नेतात. मोठी गिनी सावध असते, उडून जाते. पण रात्री बाहेर झाडावर बसली तर घुबड, उदमांजर, रानमांजर यांना सोपी. आणि आपल्याकडं गोदावरी-कादवेच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही रोजची गोष्ट झालीय. दोघींनाही रात्री पक्क्या जाळीच्या, वरून बंद खुराड्यात कोंडायचंच.

पिल्लं कशी मिळवायची

खरी फसगत इथं होते, म्हणून जरा थांबून सांगते.

मोठी गिनी विकत आणणं सगळ्यात सोपं वाटतं. मीही तेच केलं होतं. दहा पाखरं आणली, पाच दिवस कोंडली आणि सोडली. त्या संध्याकाळी तीन परतली, बाकीची गेली ती गेलीच. मोठ्या पाखराला नवी जागा घर वाटायला निदान सहा आठवडे बंद ठेवावं लागतं, आणि त्यानंतरही खात्री नाही. हा रस्ता मी कुणालाच सुचवत नाही.

दुसरा रस्ता उबवणी यंत्राचा. गिनीचं अंडं उबायला २६ ते २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्याला २१. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश तापमान, दिवसातून तीन-चारदा अंडी फिरवणं, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओलावा वाढवणं. हे सगळं जमतं. पण एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत आणि मळ्यातल्या विजेचा भरवसा नाही. इन्व्हर्टर असेल आणि एकदम पन्नास-साठ पिल्लं हवी असतील तरच यंत्राचा विचार करा.

तिसरा रस्ता माझा. खुडूक गावरान कोंबडीखाली १२ ते १५ अंडी. गिनीची स्वतःची मादी आई म्हणून कच्ची. झुडपात लपवून अंडी घालते, आणि उबवली तरी पिल्लांना घेऊन पहाटेच्या दवातून चालू लागते. भिजलेलं पिल्लू गारठतं आणि मागं पडतं. मी एकदाच हे होऊ दिलं. अठरातली पाच उरली. गावरान आई थांबते, पंखाखाली घेते, दाणा दाखवते. आणि संध्याकाळी पिल्लांना खुराड्यात आणते. ही एकच सवय पुढं वर्षभर कामाला येते.

कोंबडी निवडताना आधी एक-दोनदा पिल्लं काढलेली घ्या, कारण हिला आठवडाभर जास्त बसायचंय. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, त्यांच्या आशेवर राहू नका. एकाच डालग्यात कोंबडीची अंडी मिसळू नका. ती २१ व्या दिवशी फुटली की आई पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, निमुळतं टोक खाली करून माठाजवळच्या गार जागी ठेवलेली असावीत. दहाव्या दिवशी रात्री बॅटरी लावून आत जीव धरलाय का ते बघा. कवच जाड आणि तपकिरी असल्यानं साधा उजेड आत जात नाही, प्रखर बॅटरी लागते.

वेळ गाठणं महत्त्वाचं. गिनी साधारण मार्च ते सप्टेंबरच अंडी घालते. मी पहिल्या अंड्यांवरच कोंबडी बसवते. १५ मार्चला बसवली तर १२ एप्रिलच्या आसपास पिल्लं निघतात आणि मृगापर्यंत आठ आठवड्यांची होतात. तोपर्यंत पंख भरतात, मग पाऊस सोसतात. जुलै-ऑगस्टमधली पिल्लं मी काढतच नाही. आणि निफाडकडच्या हिवाळ्याबद्दल तर सांगायलाच नको.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी पिल्लं मारतात. गुळगुळीत जमीन, खोल पाणी आणि हलकं खाद्य. वर्तमानपत्र अंथरलं तर पाय फाकतात, म्हणून गोणपाट घाला. पाण्याच्या ताटलीत गोटे ठेवा, इवलंसं पिल्लू दोन बोटं पाण्यातही बुडतं. खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिनं हवीत, आणि ब्रॉयलरच्या साध्या खाद्यात तेवढी सहसा नसतात. मी उकडलेलं अंडं कुस्करून आणि वाळवी घालून भर काढते. गावरान पिल्लाला एवढे लाड लागत नाहीत, कण्यांवर आणि उकिरड्यावरही ते तग धरतं.

मोठं झाल्यावर मात्र उलट. गावरानला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. गिनी त्या मानानं काटक आहे. तरी दोन्ही एकत्र ठेवणार असाल तर कोंबड्यांची लस वेळच्या वेळी घ्याच.

खरेदी आणि विक्री

विकणारे कधी कधी गिनीला तितर म्हणतात. गिनी मूळची आफ्रिकेतली, पाळीव झालेली. आपल्या रानातला तितर वेगळा, तो पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. रानातली म्हणून कुणी अंडी-पिल्लं देऊ केली तर घेऊ नका. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी या गिनीच्या जाती काढल्यात. मी ठिपक्यांची करडीच घेते, पांढरी घारीला लांबून दिसते.

अंड्यांवर पैसे मिळतील अशा हिशोबानं गिनी आणू नका. अंडं लहान, ४० ग्रॅमच्या आसपास, कवच टणक, चव छान. पण हिवाळाभर बंद, आणि आठवडी बाजारात गिऱ्हाईक आधी दहा प्रश्न विचारतं. गावरान अंडी घरून उचलली जातात. घरखर्चाला हातभार हवा असेल तर इथं गावरान सरळ पुढं आहे.

एकराच्या आत जागा असेल किंवा शेजार जवळ असेल, तर आठ-दहा गावरान पुरेत. तीन-चार एकर मोकळं रान, टोळांचा आणि वाळवीचा त्रास, लांब वस्ती असेल तर गावरानसोबत १५ गिनी ठेवा, चार-पाच माद्यांमागं एक नर. दहाच्या खाली ठेवू नका. थवा लहान असला की बिचकतात, घरापासून हलत नाहीत आणि मग किडे वेचायचं कामही होत नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्यात एक संध्याकाळ येते. कोंबडी नेहमीसारखी खुराड्याच्या दारात उभी राहून बोलावते आणि पिल्लं भुर्रकन बाभळीवर जाऊन बसतात. ती खाली फेऱ्या घालत राहते, मान वर करून कुक-कुक करते, अंधार पडला तरी आत जात नाही. मला ते बघवत नाही. म्हणून आता पाचव्या आठवड्यातच खुराड्यात छताजवळ एक आडवी काठी बांधते आणि संध्याकाळी मूठभर बाजरी आत टाकते. उंच बसायला जागा आतच मिळाली की बहुतेक पिल्लं तिच्या मागोमाग येतात.